अकरा गाड्यांची यादी

बळीराम ठवकर इंजिनाचं दुखणं कानाने ओळखायचा. वडील नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीत छत्तीसगडात दुर्गला आले आणि तिथलेच झाले. बळीराम आयटीआय करून भिलाईच्या सिटी बस डेपोत मिस्त्री झाला. तिथल्या गाड्या दिल्लीच्या पैशातल्या, मंजुरी रायपूरची, जागा नगर निगमची आणि चालवायच्या शहराच्या बस समितीने. मालक इतके, पण गाडी अडली की सगळ्यांना बळीरामच आठवायचा.

लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. समितीने गाड्या चालवायला नेमलेल्या ठेकेदाराने अंग काढून घेतलं. पण या पठ्ठ्याने अकरा गाड्या मरू दिल्या नाहीत. रोज सकाळी एकेक चालू करून दहा मिनिटं तशीच ठेवायचा. तो राहायचा मरोद्याला. तिथल्या बायांना जुनवानीला कामावर जायला तीन ऑटो बदलावे लागत. त्या विचारायच्या, "भाऊ, बस कधी सुरू होते?" हा छातीठोकपणे सांगायचा, "दिवाळीपर्यंत. माझा शब्द!"

समितीत सुमंत देशकर नावाचे नवे साहेब आले. ऑफिसात सगळा कारभार हिंदीत, पण साहेब बळीरामशी मराठी बोलायचे. त्याच्या डब्यातली जवसाची चटणी मागून खायचे. बळीरामच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. एक दिवस ते म्हणाले, "बळीरामभाऊ, कोणत्या गाडीत काय खराब आहे ते लिहून द्या. सामान मागवून राहिलो. अन् दुप्पट लिहा बरं, रायपूरवाले अर्धं कापतातच."

वाढवून मागायची रीत डेपोत जुनीच होती. उरलेला नटसुद्धा परत करणाऱ्या बळीरामने मात्र ती कधी पाळली नव्हती. पण आपला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्याने धडधाकट गाड्यांपुढे लिहिलं: इंजिन निकामी, चेसिसला तडा. खाली ठसठशीत सही केली. याला भोळा म्हणा नाहीतर मूर्ख, मला तर त्याचा रागच येतो.

सामान आलंच नाही, दिल्लीची टीम आली. दिल्ली नव्या इलेक्ट्रिक बस देणार होती, पण जुन्या भंगारात काढल्या तरच. ऑफिसातल्या रीनाने त्याला हळूच फाइल दाखवली. भंगाराच्या प्रस्तावाला पुरावा म्हणून त्याचीच यादी जोडली होती. नव्या गाड्यांच्या मार्गांत मरोदा कुठेच नव्हतं.

बळीरामचं डोकं फिरलं. तो तडक आवारात गेला, पहिल्या गाडीत चढला आणि किल्ली फिरवली. 'इंजिन निकामी' गाडी एका झटक्यात सुरू झाली. दिल्लीवाले वळून पाहू लागले.

सुमंतसाहेब धावत आले आणि खिडकीशी येऊन त्याच गोड मराठीत म्हणाले, "भाऊ, बंद करा. कागदावर ती बंद आहे. अन् सही तुमची आहे."

"साहेब, मले आपलं म्हणून खोटं लिहायले लावलं तुमी," बळीराम म्हणाला. "माझी चटणी खाल्ली ना हो तुमी!"

यादी खोटी म्हणावी तर त्याची नोकरी जाणार होती, आणि खरी म्हणावी तर गाड्या. बळीरामने स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं.

आता तो डेपोतून घरी रेल्वेलाइनच्या बाजूने, लांबून जातो. सरळ रस्त्यावर मरोद्याचा बसस्टॉप लागतो आणि तिथे बाया उभ्या असतात.