आत्याचं मत

आत्याला मतं नव्हती असं नाही, भरपूर होती. ती विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही, म्हणून आत्या ती भांड्यांवर काढायची. लग्न ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. नवरा गेल्यावर भावानं "ताई, आता आमच्याकडेच राहा" म्हणत तिची ट्रंक उचलून आणली, तेव्हाही नाही. पुढे वहिनी गेली आणि तान्हं पोर मांडीवर आलं, तेव्हा तर विचारायला सवडच नव्हती. पातेलं हलकेच टेकलं की आत्या राजी. झाकण घरंगळत अंगणापर्यंत गेलं की समजायचं, भाऊंनी काहीतरी भलतंच ठरवलंय.

तेच पोर परदेशी शिकून बॅरिस्टर होऊन आलं. येताना कोट आणला, छत्री आणली आणि एक कल्पना आणली. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांना विचारल्याशिवाय ते करू नये, हे त्याला राज्यकर्त्यांच्याच मास्तरांनी शिकवलं होतं. शेवटच्या बाकावर हाही बसलाय, हे बहुधा त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

भाऊ सरकारी खजिन्यात हेडक्लार्क. साहेबापुढे वाकून वाकून त्यांनी पोरासाठी नोकरीची जागा मिळवली होती, तीही घरापासून हाकेच्या अंतरावर. पोराला मात्र आपली कल्पना छापणारं वर्तमानपत्र काढायचं होतं. तसलं पत्र काढणारा त्याचा मित्र नुकताच तुरुंगात गेला होता.

जेवणं झाल्यावर बॅरिस्टर म्हणाला, "आपण मतं घेऊ. तिघं आहोत, बरोबरी व्हायची नाही."

"तिघं कोण?"

"तुम्ही, मी आणि आत्या."

भाऊ हसले. पोरगा दोन्ही वेळा समोर जेवायला हवा म्हणून जीव टाकणारी ही बाई कुणाच्या बाजूनं जाणार, ते काय सांगायला हवं? "घे बाबा. नोकरीच्या बाजूनं हा माझा हात. ताई, तुझाही कर वर."

आत्या पदराला हात पुसत राहिली. "थांब की. जन्मात पहिल्यांदा विचारतंय कुणी, घाई कसली?" मग भाच्याकडे वळून म्हणाली, "तुरुंगात जेवायला काय देतात रे?"

"बेताचंच असतं, आत्या."

"आणि मी नोकरी म्हटलं, तर धरशील?"

बॅरिस्टरचा चेहरा उतरला. "धरीन. विचारलंय म्हटल्यावर ऐकायला हवं."

"कुरकुर न करता?"

"थोडी करीन."

हे उत्तर आत्याला फार आवडलं. समोरचं रिकामं ताट डोळ्यांपुढे येऊन गेलं. पण आपल्याला आज जसं विचारलं तसं सगळ्यांनाच विचारावं, एवढंच तर हा छापणार होता. बॅरिस्टरनं आपला हात वर केला. त्याच्या शेजारी आत्याचा ओला हात वर गेला.

"ताई, अगं धरून नेतील त्याला."

"डबा मी पोचवीन. चालतो का, तेवढं तुझ्या साहेबाला विचारून ठेव."

भाऊंनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि त्यांना हसूच फुटलं. "बरं बाई. दोघं तिकडे, मी एकटा इकडे. झालं मोजून, घे आता हात खाली."

"राहू दे थोडा वेळ," आत्या म्हणाली.