त्रेचाळीस फोटो

मला फोटोग्राफीतलं काहीही कळत नाही. हे कळायला बहिणीचा साखरपुडा खर्ची पडला.

माळ्यावर बाबांचा जुना रोलचा कॅमेरा सापडला आणि मी बिघडलो. हल्ली वरण उकळलं तरी लोक मोबाइलवर फोटो काढतात, त्याला काय कला म्हणायचं, असं घरभर सांगत सुटलो. ऑनलाइन रोल मागवला, एक व्हिडिओ बघून (तोही अर्धाच) भरला आणि साखरपुड्याच्या दिवशी कोन गावातल्या हॉलमध्ये फर्मान काढलं: आज सगळ्यांचे मोबाइल खिशात! बायको म्हणाली, निदान एखादा फोटो मोबाइलवर असू दे. मी तिच्याकडे दयेने पाहिलं.

त्यात बाबा आणि पडघ्याचे नानाकाका. सख्खे भाऊ, पण अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर बांधावरचं आंब्याचं झाड. झाड तोडून तिथे गोडाऊन उभं राहिलं, तरी यांचं भांडण हिरवंगार! त्या दिवशी आईने हातापाया पडून दोघांना शेजारी उभं केलं. काकांनी चक्क बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. आईने पदर डोळ्यांना लावला. मी खटका दाबला आणि वर ऐकवलं, "ही नजर मोबाइलला नसते."

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन भिवंडीतल्या जुन्या स्टुडिओत गेलो. तिथले चाचा अजून रोल धुतात. मी ऐटीत सांगितलं, त्रेचाळीस फोटो आहेत.

"छत्तीस के रोल में तैंतालीस?"

एकदा हात बसला की जास्त निघतात, असं मी त्यांना समजावलं. (तीस वर्षं रोल धुतलेल्या माणसाला!) चाचांनी रोल गुंडाळायचं बटण जरासं फिरवलं, थांबले, आणि सरळ कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. उजेड लागेल म्हणून मी किंचाळलो.

"किसको लगेगा?" चाचा शांतपणे म्हणाले. "रोल तो डिब्बी से निकलाइच नहीं."

रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं. अख्खा साखरपुडा मी नुसता खटका वाजवत हिंडलो होतो.

बाहेर आल्यावर बाबांनी खिशातून मोबाइल काढला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आपणहून नानाकाकांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"एक बी फोटो न्हाय? तुझा पोरगा पयल्यापासून असाच हाय."

बाबा हसले. तेव्हापासून दोघे भाऊ रोज तासभर फोनवर बोलतात. दुसरा विषय लागत नाही, मी पुरतो.