आई रडली नव्हती

दोन वर्षांपूर्वी शेवगावातल्या एका वाचनालयानं लोकांकडून लहानपणच्या आठवणी लिहून मागवल्या. मी अंगणवाडी सेविका. चाळिशी ओलांडली होती आणि पोषण आहाराच्या अहवालांपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. तरी वही आणली. दुपारी मुलं घरी गेली की त्यांच्याच सतरंजीवर बसून लिहू लागले.

विषय डोक्यात तयार होता. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. मी सात वर्षांची झाले तेव्हा आईनं मला शाळेसाठी मावशीकडे ठेवलं आणि ती ट्रॅक्टरवर चढून निघून गेली. तो निरोप मी चार पानं लिहिला. आईच्या डोळ्यांना धार लागली होती, पदरानं ती तोंड झाकून घेत होती, असं बरंच. लिहिताना मीच रडले. झकास जमलंय असं वाटलं.

आई आता माझ्याकडेच राहते. तिला वाचता येत नाही. संध्याकाळी ती शेंगा फोडत बसली होती, तेव्हा वाचून दाखवलं. तिचे हात थांबले.

"मी रडले न्हाई," ती म्हणाली.

"अगं, रडली असशील."

"न्हाई म्हनते ना. मी मुकादमाशी भांडत हुते. त्यो म्हनला, पोरीला बी घे, बायांची लेकरं सांभाळंल. मी म्हनलं, ती शाळंत जाईल, न्हाईतर मी बी येत न्हाई. तुझा बाप गप उभा. ट्रॅक्टर चालू, बाया वरनं हाका मारत्यात. रडायला येळ कुठं हुता?"

हे मला कधीच माहीत नव्हतं. मावशीच्या ओट्यावरून मी फक्त तिची पाठ पाहिली होती. बाकीचं सगळं इकडचं तिकडचं वाचलेलं, टीव्हीवर पाहिलेलं.

"मग वळून का नाही बघितलंस?"

"वळले असते तर उतरले असते," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

दुसऱ्या दिवशी चारही पानं फाडली. नव्यानं लिहिलं, वाचलं. आई म्हणाली, मुकादम असं शाळामास्तरासारखं बोलत नव्हता. पुन्हा लिहिलं. तिसऱ्या वेळी तिनं नुसतं 'हं' केलं, पण ते मनापासून नव्हतं, हे मला कळलं. एका दुपारी ट्रॅक्टर निघतो ते अख्खं वर्णन खोडलं आणि तिथं एकच वाक्य ठेवलं: आई वळली नाही. पेन खाली ठेवलं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

त्या संध्याकाळी आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "व्हय. असंच हुतं."

तोवर वाचनालयाची मुदत उलटून गेली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. लिहिणं आता सोडायचं नाही, हे ठरून गेलं होतं.

सध्या तिसरी वही चालू आहे. न विचारता कुणाच्या डोळ्यांत पाणी घालायचं नाही, एवढं पथ्य पाळते. त्या दिवशी ट्रॅक्टरवरून आईला हाका मारणाऱ्या बायांपैकी एक मिरजगावला राहते. येत्या रविवारी तिच्याकडे जाणार आहे. ट्रॅक्टरवरून आई कशी दिसत होती, ते तिला विचारायचं आहे.