रोशनीच्या हाताचं माप

"काय हो मास्तर, डबा आणलाय? तुमच्याकडे कच्चाच खातात का?"

असं म्हणत निवड समितीच्या साहेबांनी बुटाच्या टोकानं तांदळाचं टोपलं सरकवलं. मूठभर तांदूळ फरशीवर सांडले. चंद्रपूरच्या त्या सभागृहात सगळे हसले.

मीही हसलो.

बुटापेक्षा ते माझं हसणं मला जास्त लागलं आहे. वडशाकडच्या एका गावात मी मुलींना कबड्डी शिकवतो. शहरातल्या साहेबांपुढे हसून वेळ मारून न्यायची, अशीच माझी अर्धी नोकरी गेली.

रोशनी माझी खेळाडू. चढाईवाल्या पोरीचा घोटा एकदा धरला की सोडायची नाही. पावसाळ्यात मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा पाण्याचा गिलास धरवेना. डॉक्टर म्हणाले, तांदळात हात खुपसायचा, मूठ वळायची, उघडायची. तिच्या आईनं घरातले तांदूळ काढून दिले. "हात धुऊन कर वं माय, संध्याकाळी हेच रांधाचे हायेत."

रोज केलं तिनं. निवडीआधी हात मोकळा व्हावा म्हणून तेच टोपलं आम्ही बसमधून मांडीवर आणलं होतं.

पकड मोजायच्या यंत्राची मुठीत दाबायची, आत-बाहेर सरकणारी दांडी सकाळी मुलांच्या मोठ्या पंजांसाठी लावलेली. तशीच तिच्या हाती दिली.

"सर, माहे बोटं पुरून नाई राह्यले."

काटा जेमतेम हलला.

"बाद. पुढची."

"साहेब, दांडी आत घ्या. हात लहान आहे तिचा."

"यंत्र सगळ्यांना सारखंच असतं, मास्तर. टोपलं उचला."

रोशनी खाली बसली. त्याच हाताच्या चिमटीत एकेक दाणा धरून टोपल्यात टाकू लागली. रडली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मागे पुन्हा कुणी हसलं.

मी नाही हसलो. टेबलावरचं यंत्र उचललं. दांडी आत घेतली.

"ऊठ वं. धर हे."

साहेबांसमोर माझ्या तोंडून माझी बोली पहिल्यांदाच निघाली. त्यांनी यंत्र हिसकावलं. "दोघंही बाहेर व्हा."

निवड झाली नाही. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नाही. परतीच्या बसमध्ये ती झोपली. टोपलं माझ्या मांडीवर.

थकलो आहे मी. तरी पुढच्या निवडीला सगळ्यांच्या आधी त्या टेबलापाशी उभा राहीन. दांडी हाताच्या मापानं बसेपर्यंत आमची एकही पोरगी यंत्राला हात लावणार नाही. बाहेर काढलं तर दारात बसू.

आणि मी हसणार नाही.