वरचा एक पट्टा

"ताई, राग आला असन तर मले शिव्या द्या, पण पाय थांबवू नका," मैनाबाई म्हणाली.

कठड्यापलीकडून प्रमोदिनीताईंनी शिव्या तर दिल्या नाहीतच, मानही वळवली नाही. तोंड फुगवून त्या आपल्या चालत राहिल्या. पळण्याचं त्राण उरलं नव्हतं.

तलावाला वळसा घालणारा तो रस्ता अजून बराच बाकी होता. रस्त्यावर प्रमोदिनीताई एकट्याच, कारण बाकीचे स्पर्धक केव्हाच पोचून मांडवात केळी सोलत बसले होते. कडेच्या फुटपाथवर दोघीजणी. पुढे साठी उलटलेली मैनाबाई, लुगड्यावर पिवळाधम्मक टी-शर्ट घातलेली. मागे तिची शेजारीण वंदना, साडीवर तसाच टी-शर्ट घातलेली, मनात गजानन महाराजांचं नाव घेत असलेली. दहा वाजता पोलीस हा रस्ता गाड्यांना मोकळा करणार होते. त्याच्या आत प्रमोदिनीताई शर्यत संपते त्या कमानीखालून गेल्या तर पदक. नाही तर पहाटेपासून पोहल्या, सायकल हाणली, पळाल्या, सगळं मातीत. आणि एवढा उशीर झाला होता तो मैनाबाईच्या हातामुळं.

मैनाबाई कोष्ट्याच्या घरातली. घरचे माग बंद पडले तेव्हा तिनं बांगड्यांची पेटी उचलली, ती अजून खाली ठेवलेली नाही. गोळीबार चौकातून निघायचं आणि थेट लकडगंजापर्यंत दारोदार जाऊन बांगड्या भरायच्या. व्यापाऱ्यांच्या घरच्या कितीतरी सुना तिनं नव्या नवरीच्या चुड्यापासून नातवंडांच्या बारशापर्यंत पाहिल्या आहेत. तिचा एक नेम आहे. हात भरून झाला की वरची एक बांगडी आशीर्वादाची म्हणून ती आपल्याकडून घालणार. तिचे पैसे नाहीत आणि गिऱ्हाइकानं नको म्हणायची सोय नाही. मग ती बाई वाकून नमस्कार करणार, आणि मैनाबाई तिच्या डोक्यावर हात ठेवणार. तेव्हा कुठं हात भरला म्हणायचं.

गल्लीतला जितेंद्र ट्रायथलॉन भरवणाऱ्यांपैकी एक. माणसं कमी पडली तशी तो वंदनाकडं आला. वंदना भजनी मंडळाची म्होरकी.

"काकू, तुमचं मंडळ रामनवमीच्या शोभायात्रेत सरबत वाटतेच ना? इथं तसंच पाणी वाटायचं. फक्त लोक पळत येतील."

"काहून पळत येतील? पुरणार नाही का पाणी?" मैनाबाईनं विचारलं होतं.

बायांना हसू आवरेना. तरी सगळ्या तयार झाल्या. कामं वाटताना जितेंद्रनं रंगीत रबरी पट्ट्यांचा डबा पुढं केला. तलावाच्या पलीकडल्या टोकाला, चिंचेखाली एकीनं उभं राहायचं आणि पळणाऱ्याच्या मनगटात दर फेरीला एक पट्टा घालायचा. तीन पट्टे झाले की तीन फेऱ्या झाल्या, मग त्यानं फाट्यावरून सरळ कमानीकडं जायचं.

"हातात घालायचं काम आहे ना? मग दुसरीनं डब्याले हात लावू नये," मैनाबाई म्हणाली, आणि डबा घेऊन मोकळी झाली.

काम तिनं केलंही झकास. पळणाऱ्याला थांबावं लागू नये म्हणून ती त्याच्या बाजूनं चार पावलं टाकायची आणि पट्टा असा सरकवायची की त्याला कळायचंसुद्धा नाही. पुरुषांना एकेक घातला. बाया मूठभरच होत्या. पहिल्या फेरीला त्या आल्या, तशी प्रत्येकीला एक घातला आणि वरचा एक घातला. सवयीचा हात, त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. वंदना शेजारीच पाण्याचे पेले भरत होती, तिलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बाईच्या हातात मैनाबाईनं वरची एक घातली नसती, तर उलट तिनं वळून पाहिलं असतं.

सगळ्यांत मागं प्रमोदिनीताई होत्या. खापरखेड्याच्या वीज कॉलनीतल्या, छपन्न वर्षांच्या, पहिल्यांदाच उतरलेल्या. दुसऱ्या फेरीला पट्टा मिळाला तशी मनगटाकडं पाहून त्यांनी हात जोडले.

"झाले तीन! सुटले बाई मी!" असं म्हणून त्या गेल्या.

आणि लगेच मागून रितिका नावाची उंचशी पोरगी तिसऱ्या फेरीला आली. मैनाबाईनं डब्यातून पट्टा काढला तशी ती पळतापळता हसली. "मावशी, मला चौथा झाला! आम्ही बाकीच्या घड्याळात फेऱ्या मोजतोय म्हणून बरं. बायकांना एक फ्री आहे का?"

वंदनाच्या हातातला पेला तिथंच कलंडला. तिनं मैनाबाईकडं पाहिलं, मैनाबाईनं डब्याकडं पाहिलं.

"अगं माय!" मैनाबाई म्हणाली. "म्या तर आशीर्वाद देऊन राहिली होती वं!"

वंदनानं जितेंद्रला फोन लावला. त्यानं कमानीकडं माणूस पिटाळला, तेव्हा प्रमोदिनीताई कमानीच्या समोर पोचल्या होत्या. पलीकडं त्यांचे यजमान मनोहरराव हार घेऊन उभे होते आणि अख्ख्या कॉलनीनं मोबाइल वर धरले होते. तिथून त्यांना मागं फिरवलं. मैनाबाई पाण्याचं टेबल मंडळाच्या बायांवर टाकून बागेतून आडवी निघाली, वंदना तिच्या मागं. फाट्यावर पोचल्यावर मैनाबाईनं काही सांगायच्या आधी प्रमोदिनीताईंचा हात धरला, तो घामेजलेला, सुजलेला हात जरासा दाबला आणि वरचा पट्टा काढून आपल्या मुठीत घेतला.

"चूक माही आहे. तुमच्यासंग मी चालते," ती म्हणाली.

"रस्त्यावर नाही," तिथं धावत आलेला जितेंद्र म्हणाला. "स्पर्धकाच्या सोबत चालायचं नाही, हात द्यायचा नाही. फुटपाथवरून या. बोला पाहिजे तर."

बोलणं हे मैनाबाईच्या धंद्याचं अर्धं भांडवल. हात आखडलेला असला की बांगडी चढत नाही, फुटते. म्हणून ती बाईला बोलण्यात गुंतवते. बाईचं लक्ष गोष्टीत गेलं की हात सैल पडतो आणि बांगडी कधी चढली ते तिलाच कळत नाही. आता समोर हात नव्हता, पाय होते. तिनं तेच सुरू केलं.

"ताई, लकडगंजात एक नवरी होती. हात असा घट्ट, जसा काही लाकडाचा. सासू म्हणे, ही हट्टी दिसते. मी म्हटलं, हट्टी नाही, भेलेली आहे. मी पोरीले विचारलं, तुले स्वयंपाकातलं काय येते वं? तर म्हणते, मॅगी!"

प्रमोदिनीताईंची नजर समोरच्या रस्त्यावरच.

"सासू तिथंच बसली होती. ती म्हणते कशी, चाला, आता मले चुलीतून सुट्टी नाही. सारं घर हसलं, अन् पोरीचा हात झाला लोण्यासारखा."

"मला हसवू नका," प्रमोदिनीताई पहिल्यांदाच बोलल्या. "मला दम लागतो."

"मग नाही हसवत. तुमचे यजमान कायले हार घेऊन उभे होते? लग्न लागाचं राहिलं का?"

"मावशी!" वंदना मागून दबक्या आवाजात म्हणाली. पण प्रमोदिनीताईंच्या नाकातून हसू फुटलंच. "ते ना? सहा महिन्यांपासून कॉलनीभर सांगत सुटलेत, आमची बाई लोखंडाची आहे म्हणून. आता मी पोचले नाही तर मला नाही, त्यांनाच कॉलनी सोडावी लागेल."

"मंग चाला पटापटा! म्हातारपणी घर बदलणं लय वंगाळ."

चिंचेखाली मैनाबाईनं मूठ उघडली आणि तोच पट्टा पुन्हा घातला. एकच. मंडळाच्या बायांनी टाळ्या वाजवल्या, एकीनं सवयीनं टाळही काढले. प्रमोदिनीताई दोन घोट पाणी पिऊन पुन्हा निघाल्या. आता त्या चालत नव्हत्या, दुडक्या पळत होत्या. मैनाबाईला धाप लागली तरी तिचं तोंड चालू होतं. शेवटच्या वळणाशी पोलीस कठड्यांच्या दोऱ्या सोडायला लागलेले दिसले तशी ती थांबली.

"आता मी काही सांगत नाही. आता पळा!"

वंदनानं डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा प्रमोदिनीताई कमानीखालून पलीकडं गेल्या होत्या, आणि घड्याळात अजून जीव होता. मनोहरराव हार घालून ओशाळं हसत होते.

"पेढे संपले गं. मघाशी तू दिसलीस ना, तेव्हाच मी वाटून टाकले."

"एकही नाही ठेवला?"

"तू आलीसच असं वाटलं!"

प्रमोदिनीताईंनी हार काढून त्यांच्याच गळ्यात टाकला आणि मांडवात बसकण मारली. थोड्या वेळानं त्यांनी मैनाबाईला शेजारी बसवून घेतलं, आपल्यातलं अर्धं केळं दिलं. "खरं सांगू मावशी? निम्मी फेरी तर तुमच्यावरच्या रागानं झाली," त्या म्हणाल्या.

जितेंद्रला मात्र हसू येत नव्हतं. त्यानं वंदनाला बाजूला घेतलं.

"काकू, पाणी वाटायला मंडळ पुढच्या वर्षीही पाहिजे. पण मावशींना नका आणू. आज थोडक्यात वाचलो."

मैनाबाईचे कान तिखट. केळं अर्ध्यावर ठेवून ती वंदनाजवळ आली. जितेंद्र गेल्यावर तिनं वंदनाचा हात आपल्या हातात घेतला, जसा गिऱ्हाइकाचा घेते तसा.

"वंदना, तू त्याले समजावून सांग वं. पट्टे देऊ नको म्हणा माह्यापाशी, ते बरोबरच आहे. पण मले घरी बसवू नको म्हणा. त्या कमानीखाली उभी कर, पदक घालाले. गळ्यात वरचं एक घालाची कोणाची रीत नाही, माहीपण नाही. सांगशीन ना?"