चुडाव्याचं शनिवारचं गुरुत्वाकर्षण

परभणीला गाडी बदलली तेव्हापासून माझं कशातच लक्ष नव्हतं. चुडाव्याला माझा आतेभाऊ अनंता शाळेत विज्ञान शिकवतो. त्यानं घरात आढ्याला लांब तारेचा दोलक टांगला होता आणि त्याचा दावा होता, की चुडाव्यात दर शनिवारी गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं, आठवडाभर हळूहळू उतरतं आणि शनिवारी पुन्हा वाढतं. सोमवारी तो हे पुण्याच्या परिषदेत मांडणार होता. त्याआधी मी तपासावं, एवढंच त्याचं म्हणणं. मी पुण्यात पदार्थविज्ञान शिकवते.

स्टेशनबाहेर आले आणि कपाळावर हात मारला. चौकात अनंताच्या फोटोचा हा भला थोरला फ्लेक्स! ‘गुरुत्वाकर्षणाला आव्हान देणाऱ्या सुपुत्राचे हार्दिक अभिनंदन.’

“अरे, हे काय?”

“पोरांनी लावलं, ताई. मी नको म्हणलो होतो.” पण गडी सुखावला होता. मग हळूच म्हणाला, “आता चुकलं तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई.”

शुक्रवारभर मी त्या खोलीत येरझारा घातल्या. पंखा बंद केला, तार तपासली, घड्याळ बदललं, उन्हानं तार किती लांबते त्याचा हिशेब केला. आत्यानं वाढलेले धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट थापलेले) गार होऊन गेले. खरं सांगू? हे खरं निघावं असं मलाही वाटायला लागलं होतं. एवढ्या जुन्या नियमाला तडा जावा आणि तो आमच्या अनंताला सापडावा! जीव थाऱ्यावर नव्हता.

शनिवारी सकाळी मोजलं. झोका संथच. अनंता दारात नखं खात उभा. तेवढ्यात आत्या आंघोळ करून आली, हातात मिरच्या आणि ताजं लिंबू. तारेला बांधलेलं वाळकं लिंबू सोडून तिनं नवं बांधलं.

“लय लोकं बघायला यायलेत. दृष्ट नको लागायला, माय.”

पुन्हा मोजलं. दोलक मघापेक्षा जरा भरभर हलत होता.

मी वाळकं लिंबू तळहातावर घेतलं. किती हलकं! कालपासून ते डोळ्यांसमोर होतं. दाराला, मोटारसायकलीला, पंपाला असतं तसंच, म्हणून आम्हा दोघांनाही दिसलं नाही. गोळ्याच्या वर वजन आलं की दोलक आखूड झाल्यासारखा भरभर हलतो. लिंबू वाळेल तसा संथ होत जातो.

मी अनंताला सांगितलं. त्यानं तारेचं नवं लिंबू सोडलं आणि स्वतः मोजलं. आकडा पुस्तकातला आला.

“काढलंस? दृष्ट लागंल की रे!” आत्या म्हणाली.

“लागू दे, आई. आता बघायला कोण यायलंय?”



संध्याकाळी निघाले तेव्हा चौकात फ्लेक्स नव्हता. गाडी सुटल्यावर तो दिसला. कुणीतरी कडब्याच्या (ज्वारीच्या वाळक्या धाटांच्या) गंजीवर पांघरला होता आणि फोटोतला अनंता आभाळाकडे बघून हसत होता. नियम जिथल्या तिथं होता, पण मला त्याचा कणभर आनंद होईना. सारखी जागा बदलत बसले.

परभणी यायच्या आत त्याचा फोन आला.

“ताई, सोमवारी येतोय मी.”

“अरे, हसतील लोक.”

“हसू दे. दोन लिंबं घेऊन येतो. एक ताजं, एक वाळलेलं.”