बाभूळबनाची टोपली

माझ्या सासरी सुनेने सासऱ्याशी थेट बोलायची पद्धत नव्हती. सासरे समोर ओट्यावर बसलेले असले तरी मी दाराआड उभी राहून सासूबाईंना सांगायची, त्या तेच शब्द त्यांना सांगायच्या आणि उत्तरही त्याच वाटेने परत यायचं. दोघांनाही सगळं नीट ऐकू जायचं, तरी सासूबाईंची सुटका नव्हती. मी बोलकी, सासरे गावचे पाटील आणि तापट. बिचारीचा घसा बसायचा.

समुद्रापलीकडे कुठेशी लढाई पेटली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली ही गोष्ट. नांदगावपासून अमरावतीच्या बाजारापर्यंत जिकडेतिकडे कापसाने भरलेल्या बैलबंड्या. बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्वारी पेरायला कुणी तयार होईना. आणि तिथेच आमचं गाव फसलं.

नाल्याकाठी गावाचं बाभूळबन होतं. बंडीचा आस, नांगर, कुंपणाचे काटे, शेळ्यांना शेंगा, सगळं तिथून यायचं. ते राखायला एक म्हातारा होता. प्रत्येक खळ्यावरून त्याला सूपभर ज्वारी मिळे, त्यावर त्याचं घर चाले. आता ज्वारीच नाही तर खळं कुठलं? कापसातून त्याला काही द्यावं, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. का, तर राखणदाराचा हक्क खळ्यावर, कापसावर नाही! म्हातारा गाठोडं बांधून लेकीच्या गावी जायच्या तयारीला लागला.

सासरे म्हणाले, "राखणदार नाई तं बन लुटलंच जाईन. त्यापरीस होळी झाली का तोडून टाकू, पऱ्हाटी पेरू."

म्हणजे बनाच्या जागीही कापूसच! माझं डोकंच फिरलं. दाराआडून म्हटलं, "सासूबाई, मामंजीले सांगा, मंग बंडीले आस का पऱ्हाटीचा लावसान?"

सासूबाईंनी भीतभीत अर्धंच सांगितलं. सासऱ्यांनी पूर्ण ऐकलं होतं. "तिले इचार, राखणदाराले कोन पोसन? तिचा बाप?"

"आमी पोसू. वेचनाऱ्या बाया."

"पोसा मंग. होळीपरेंत पाह्यतो," ते म्हणाले आणि हसले. त्या हसण्यानेच मी हट्टाला पेटले.

वेचणीची मजुरी बायकांना कापसातच मिळायची. मी घरच्याच शेतात वेचायची, पण सासूबाई मलाही माझा वाटा द्यायच्या. तो बाईचा कापूस, त्याला पुरुष हात लावत नसत. मी ठरवलं, संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकीने आपल्या वाट्यातली मूठभर कापूस बनाच्या तोंडाशी टांगलेल्या टोपलीत टाकायचा. तो विकून म्हाताऱ्याने आपली ज्वारी घ्यावी.

एकीने लगेच विचारलं, "लाकूड नेतेत मानसं, न् मूठ कावून आमची?"

बरोबरच होतं तिचं. मी म्हटलं, "जो लाकूड नेईन, त्यानं खांद्यावरचा दुपट्टा भरून कापूस टाकाचा. अगुदर दुपट्टा, मंग कुऱ्हाड. पाटील असो का कोनी असो." हे सगळ्यांना पटलं. तरी पहिल्या दिवशी टोपलीचा तळही झाकला नाही आणि मला रागाने रडू आलं. पण बायका एकमेकींच्या मुठीकडे बघू लागल्या, टोमणे मारू लागल्या आणि टोपली भरत गेली. म्हाताऱ्याने गाठोडं सोडलं. वाळलेलं, कललेलं झाड तो स्वतः दाखवायचा, तेवढंच तोडायचं. शेळ्यांनी चघळून टाकलेल्या बिया तो गोठ्यातून वेचून आणायचा आणि मोकळ्या जागी पेरायचा.

होळीला सासरे एवढंच म्हणाले, "पुढची होळी पाहू." म्हणजे कुऱ्हाड अजून डोक्यावर होतीच.

पुढच्या हंगामात भाव उतरणार अशी हवा उठली. सासऱ्यांनी घाईने बंडी वरपर्यंत भरली आणि नाल्याच्या उतारावर तिचा आस मोडला. आजूबाजूच्या गावांनी आपापली बनं कधीच नांगरून टाकली होती. लाकूड मिळणार ते एकाच ठिकाणी.

आम्ही बायका टोपलीपाशीच होतो. सासरे आले आणि सवयीने म्हणाले, "तिले सांग, आसासाठी झाड पाह्यजे." मग बाजूला वळून पाहिलं. सासूबाई घरी होत्या.

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पदर पुढे ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले.

"मामंजी, अगुदर दुपट्टा."

ते खांद्यावरचा दुपट्टा काढून बंडीकडे गेले, भरून घेऊन आले आणि टोपलीत रिकामा केला. म्हाताऱ्याने दाखवलेलं झाड मुकाट्याने तोडलं.

जाताना ते माझ्यासमोर थांबले. "सूनबाई, यंदा होळीले या बनातली काडीबी कोनाले नेऊ देऊ नोको."